तुम्ही चारीवर कुठे आहात?

राज्यशास्त्रात संशोधन करणाऱ्या एका मुलीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. युरोपातल्या मतसर्वेक्षणांत बऱ्याचदा डाव्या विचाराचे मतदार समता आणि पर्यावरण यांची बाजू एकत्र घेताना दिसतात, उजव्या विचाराचे आर्थिक वाढीला पहिलं स्थान देतात. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचं असं चित्र काढता येईल का? आपल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या पक्षाला वाढ हवी, समता हवी की पर्यावरण?

पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून मी कालव्यावर पंधरा वर्षं काढली. नंतरची वीसहून जास्त वर्षं शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या करण्यात गेली. तेव्हा मी पाण्यापुरतंच बोलेन. पण हे तिन्ही प्रश्न आपल्याकडे पाण्यात जसे एका जागी येतात, तसे दुसरीकडे क्वचितच येत असतील.

माझ्या अनुभवात डावं-उजवं हे माप इथे फार उपयोगी पडत नाही. माणसाची भूमिका ठरते ती त्याचं शेत चारीवर, म्हणजे कालव्यातून शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या पाटावर, कुठे आहे यावरून. शेत हेडला, म्हणजे सुरुवातीला असेल तर तो वाढीची भाषा बोलतो, टेलला, म्हणजे शेवटाला असेल तर न्यायाची. आणि ज्याचं शेत चारीला लागूनच नाही, किंवा ज्याला शेतच नाही, त्याला कुणी विचारत नाही. पक्ष कुठलाही असो.

हे माझ्या लक्षात आलं ते एका आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीच्या वेळी. कालव्याच्या एकाच फाट्यावर, म्हणजे वितरिकेवर, सकाळी हेडच्या गावात बैठक होती आणि दुपारी टेलच्या गावात. दोन्ही गावांत ग्रामपंचायत एकाच पक्षाची, आमदार तोच. सकाळी लोकांचं म्हणणं होतं की पाणी ज्याच्या दारातून जातं त्यानं ते वापरून उत्पन्न काढलं तर चुकलं कुठे. चार पैसे आले, दुकानं चालली, म्हणजे तालुकाच पुढे गेला ना. दुपारी, दहा-बारा किलोमीटर खाली, त्याच पक्षाचे कार्यकर्ते मोजून पाणी द्या, शेवटापासून सुरुवात करा, पाणी ही कुणाची खासगी मालमत्ता नाही, असं पोटतिडकीनं सांगत होते. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलत होती.

त्या टेलच्या गावातला एक शेतकरी आमच्या संस्थेचा खंदा कार्यकर्ता होता. पाणी मोजून घ्यायचं हे त्यानं घरोघर फिरून पटवलं. काही वर्षांनी उपसा सिंचनाची नवी वाहिनी आली आणि त्याचं शेत तिच्या सुरुवातीला पडलं. पुढच्या बैठकीत मीटर बसवायला पहिला विरोध त्याचाच होता. त्याच्यावर राग धरावा असं मला तेव्हाही वाटलं नाही. वीस वर्षं ज्याच्या उसाला मेमध्ये पाणी मिळालं नाही, त्याच्या हाती एकदाची तोटी आली होती. पण समतेची मागणी आणि समतेवरची निष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्याच्याकडून शिकलो.

जगभर वापरल्या जाणाऱ्या मूल्य-सर्वेक्षणांत एक ठरलेला प्रश्न असतो: वाढ मंदावली आणि काही रोजगार गेले तरी पर्यावरणाला प्राधान्य द्यावं, की पर्यावरणाची थोडी हानी झाली तरी वाढ आणि रोजगार आधी? शहरातल्या माणसाला हा प्रश्न कळतो. आमच्या भागात तो तसाच्या तसा विचारला तर समोरचा माणूस गोंधळतो, आणि तो अडाणी आहे म्हणून गोंधळत नाही. त्याची विहीर जानेवारीत आटली तर ते पर्यावरण, पीक गेलं तर ती अर्थव्यवस्था, आणि शेजारच्या पाचशे फुटी बोअरमुळे आटली असेल तर ती विषमता. त्याच्यासाठी ही एकच घटना आहे. तिचे तीन तुकडे करून त्यातला एक निवडा, असं आपण त्याला सांगत असतो.

राजकारण या घटनेकडे कसं पाहतं, ते २०१६ च्या उन्हाळ्यात उघड दिसलं. मांजरा धरण कोरडं पडलं. लातूरमध्ये पाणी भरण्याच्या जागांभोवती मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास करून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्याच महिन्यात क्रिकेटच्या मैदानांवर पाणी कशाला, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवावे लागले. औरंगाबादच्या बिअर कारखान्यांचं पाणी कापण्याचा आदेशही झाला. सगळ्या पक्षांनी, सगळ्या वाहिन्यांनी हे दोन विषय लावून धरले.

त्या वेळी मी एक साधा हिशेब कागदावर मांडला होता. सामन्यांच्या मैदानांना लागणारं पाणी सुमारे ६० लाख लिटर सांगितलं जात होतं. पाटानं भिजवलेल्या एक हेक्टर उसाला वर्षाकाठी दोन मीटर उंचीचं पाणी धरलं, तर ते होतं दोन कोटी लिटर. म्हणजे अख्ख्या स्पर्धेच्या मैदानांचं पाणी पाऊण एकर उसाचं. मैदान टीव्हीवर दिसतं, पाऊण एकर ऊस दिसत नाही. तो दिसू द्यायचा नाही, यावर सगळे पक्ष न बोलता एकत्र होते.

केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानं लिहून ठेवलं आहे की महाराष्ट्रात लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाचं सुमारे ७० टक्के पाणी घेतो. राज्यातली सिंचनाखालची जमीन एकूण पिकाखालच्या जमिनीच्या जेमतेम पाचवा हिस्सा. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाढ, विषमता आणि पर्यावरण यांचं महाराष्ट्रातलं राजकारण अर्धं समजतं.

पण शहरातले माझे पर्यावरणवादी मित्र उसाबद्दल ज्या सुरात बोलतात तो मला पटत नाही, आणि यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे.

शेतकरी ऊस का लावतो? पाणी फुकट मिळतं म्हणून, एवढंच उत्तर अनेकांकडे असतं. शेतकऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. उसाला ठरलेला दर आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान दर. ती न देणाऱ्या कारखान्यावर कायद्यानं कारवाई होऊ शकते. कारखाना स्वतः टोळी पाठवून ऊस तोडून नेतो. ऊस लावला की सोसायटी कर्ज देते, कारण वसुली बिलातून होते. गारपीट झाली, आठ दिवस पाऊस पडला, तरी ऊस उभा राहतो. आता सोयाबीन पाहा. त्याच वर्षी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला, आणि काढणीच्या दिवसांत बाजारात त्याहून बराच कमी दर मिळत होता. खरेदी केंद्रावर नोंदणी, ओलाव्याचं प्रमाण, बारदाना नाही म्हणून थांबलेल्या रांगा. कांद्याचं सांगायलाच नको, एका निर्यातबंदीत वर्ष जातं. ज्याच्याकडे चार महिने का होईना पाण्याची आशा आहे, तो माणूस ऊस लावून कुठलाही हावरटपणा करत नाही. सरकारनं ज्या एकाच पिकाला भाव, गिऱ्हाईक आणि कर्ज यांची खात्री दिली, ते पीक तो निवडतो. तुरीला, ज्वारीला अशी खात्री मिळाली असती तर आज कालव्याच्या कडेला काय दिसलं असतं, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

या पिकाभोवतीच महाराष्ट्राचं राजकारण उभं राहिलं. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना सुरू केला, तेव्हा ती खऱ्या अर्थानं समतेची चळवळ होती. खासगी कारखानदार आणि सावकार यांच्या कचाट्यातून शेतकरी सुटला. कारखान्यामागून शाळा, दवाखाने, रस्ते आले. माझ्या पिढीतली कितीतरी मुलं या पैशानं शिकली. ही वाढ आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे, तिची कुणी टिंगल करू नये. फक्त ही समता सभासदापर्यंतच होती, आणि सभासद होण्यासाठी ऊस लागायचा, ऊस लावायला पाणी. आज राज्यात सुमारे दोनशे कारखाने गाळप करतात, त्यातले कितीतरी दुष्काळी पट्ट्यात आहेत. २०१९ मध्ये औरंगाबादच्या विभागीय आयुक्तालयानं मराठवाड्यात उसावर बंदी घालावी अशी शिफारस केली. त्याआधी, २०१७ मध्ये, उसाला टप्प्याटप्प्यानं ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला होता. दोन्हींचं पुढे काय झालं ते शिवारात फिरलं की कळतं. सत्तेवर कोण आणि विरोधात कोण, यानं काही फरक पडला नाही.

आता विषमतेकडे येतो, कारण इथेच मला आपल्या राजकारणाची सर्वांत मोठी गफलत दिसते.

महाराष्ट्रात विषमता या विषयावर भरपूर बोललं जातं. १९८४ मध्ये दांडेकर समितीनं प्रदेशांचा अनुशेष, म्हणजे विकासातली राहिलेली तूट, मोजली. १९९४ मध्ये घटनेच्या ३७१(२) कलमाखाली विकास मंडळं आली. नंतर केळकर समिती आली. विदर्भाचा अनुशेष, मराठवाड्याचा अनुशेष हे शब्द गावच्या पारावरही ऐकू येतात. पण ही सगळी विषमता प्रदेशा-प्रदेशातली आहे. प्रदेशाच्या आत, तालुक्याच्या आत, एका चारीच्या आत जी विषमता आहे, तिला आपल्या राजकीय भाषेत नावच नाही.

जायकवाडीचं उदाहरण घ्या. हे धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं, उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. वर नाशिक-नगरमध्ये दारणा, गंगापूर, मुळा, भंडारदरा. वर पाणी अडलं की नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरत नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या समन्यायी वाटपाचं कलम आलं, मेंढेगिरी समितीनं सूत्र दिलं, आणि २०१४ मध्ये प्राधिकरणानं आदेश दिला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडायचं. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानंही समन्यायी वाटपाचं तत्त्व मान्य केलं. भारतात खोऱ्यातल्या समतेचा इतका स्पष्ट, आकड्यात मांडलेला नियम मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही. याचं श्रेय मराठवाड्यातल्या लोकांच्या चिकाटीला आहे.

२०२३ मध्ये या नियमाप्रमाणे ८.६ टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला. नाशिक-नगरचे सगळ्या पक्षांचे नेते विरोधात, मराठवाड्याचे सगळ्या पक्षांचे नेते बाजूनं. पक्षांचे झेंडे असे मधोमध चिरले गेले की नेत्याच्या पक्षावरून त्याची भूमिका सांगता येऊ नये.

इथवर गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढची सांगायला मराठवाड्यातले माझे सहकारी नाराज होतात, तरी सांगतो. जायकवाडीचा डावा कालवा दोनशेहून अधिक किलोमीटर लांब, परभणी जिल्ह्यापर्यंत जाणारा. आराखडा मुख्यतः हंगामी पिकांचा होता. वरून न्यायानं मिळवलेलं पाणी पैठणच्या खाली आलं की तिथे पुन्हा हेड आणि टेल सुरू होतं. कालव्याच्या वरच्या अंगाला ऊस उभा राहतो आणि शेवटच्या वितरिकांना पाण्याची वाट पाहावी लागते. नाशिकला जो प्रश्न आपण विचारतो, तो प्रश्न परभणीच्या टेलचा शेतकरी आपल्याला विचारू शकतो. तो विचारतोही, पण त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही, कारण तिथे समोर दुसरा प्रदेश नसतो, आपलाच मतदार असतो.

मोठ्या धरणांची भूकही याच मानसिकतेतून येते. पाणी वाटून घेण्यापेक्षा नवं धरण मागणं सोपं, कारण नव्या धरणात कुणाचं काही काढून घ्यावं लागत नाही. निदान मंचावरून तरी तसं वाटतं, बुडणाऱ्या गावांना विचारलं तर उत्तर वेगळं येईल. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून चर्चा पेटली की दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च होऊन सिंचित क्षेत्राचं प्रमाण ०.१ टक्क्यानं वाढलं. पुढे श्वेतपत्रिकेत ती वाढ पाच टक्क्यांहून जास्त असल्याचं सांगितलं गेलं. सरकार हादरलं, चौकश्या झाल्या. भ्रष्टाचारावर बोललं गेलं ते योग्यच होतं. पण मी त्या काळात एकही भाषण असं ऐकलं नाही, ज्यात विचारलं गेलं की जेवढं सिंचन वाढलं ते नेमकं कुणाच्या शेतात वाढलं.

आपल्याकडे वेगळा विचार झालाच नाही असं मात्र कुणी म्हणू नये. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंता-उद्योजकानं पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायत सुरू केली. नियम वाचले तर आजही अंगावर काटा येतो. पाणी जमिनीवर ठरणार नाही, माणसांवर ठरेल: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात हक्क. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकता येणार नाही. ऊस लावायचा नाही. वीस टक्के खर्च लाभार्थ्यांनी स्वतः उचलायचा. वाढ, समता आणि पर्यावरण या तिन्हींचं उत्तर पाच ओळींत.

सांगली जिल्ह्यात येरळेच्या काठी, १९८२ च्या गिरणी संपानंतर गावी परतलेले कामगार आणि शेतकरी यांच्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. तांदुळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी नदीच्या वाळूवर आपला हक्क सांगून त्या पैशातून बळीराजा धरण बांधलं आणि भूमिहीनांसह सर्वांना पाणी हे तत्त्व ठेवलं. भारत पाटणकर आणि नागनाथअण्णा नायकवडी यांनी आटपाडीच्या परिसरात दुष्काळी तालुक्यांच्या हक्काच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं परिषदा घेतल्या. सांगोल्याचे गणपतराव देशमुख विधानसभेत तेच मांडत राहिले. टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी तिकडे पोहोचलं त्यात या माणसांचा वाटा फार मोठा आहे. नगर तालुक्यात हिवरे बाजारनं पोपटराव पवारांच्या पुढाकारानं दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची पद्धत पाडली. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही.

आणि माझ्या कामाला सर्वांत जवळचं उदाहरण वाघाडचं. नाशिक जिल्ह्यात, ओझरच्या टेलच्या शेतकऱ्यांनी बापूसाहेब उपाध्ये यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या मदतीनं १९९१ च्या सुमारास तीन पाणी वापर संस्था काढल्या. टेलनं सुरुवात केली हे महत्त्वाचं. पाणी घनमापनानं, म्हणजे मोजून घ्यायचं, विहिरींचं पाणीही हिशेबात धरायचं. हळूहळू हेडचे लोकही आले, पुढे सगळ्या प्रकल्पाचं व्यवस्थापन संस्थांच्या महासंघाकडे आलं. पाणी मोजून मिळायला लागल्यावर लोक द्राक्ष-भाजीपाल्याकडे वळले आणि उत्पन्न वाढलं. वाढ आणि समता एकमेकींच्या वैरिणी असतात असं कुणी म्हणालं की मी त्याला वाघाडला पाठवतो.

मग हे सगळीकडे का पसरलं नाही? २००५ मध्ये तर शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदाही झाला. माझ्या कामात मला याचं एक कारण सतत जाणवलं. मोजलेलं पाणी मिळालं की मध्यस्थ उरत नाही. आवर्तन दोन दिवस वाढवून देणारा, दरवाजा उचलायला फोन करणारा, थकबाकी असूनही पाळी मिळवून देणारा माणूस म्हणजेच तालुक्याचा पुढारी. पाणी नियमानं यायला लागलं तर त्याच्या दारी कोण जाईल? एका ठिकाणी आम्ही मीटर बसवले, दोन आवर्तनं सुरळीत गेली, तिसऱ्याच्या आधी सगळे मीटर फुटलेले. फोडणारे कोण हे गावाला माहीत होतं, आणि ते वेगवेगळ्या पक्षांचे होते.

भूजलाचं राजकारण तर याहून अवघड, कारण तिथे चारीही दिसत नाही. २००९ चा भूजल कायदा राज्यात २०१४ पासून लागू आहे. त्यात ६० मीटरहून खोल विहीर घ्यायला मनाई आहे. आज आमच्या भागात दोनशे फुटांवर कुणी मशीन थांबवत नाही. नियमांचा मसुदा २०१८ मध्ये आला आणि आक्षेपांच्या ढिगाखाली अडकला. दुसरीकडे २००४ च्या निवडणुकीआधी शेतीला मोफत वीज जाहीर झाली, नंतर मागे घेतली गेली. २०२४ मध्ये वेगळ्या सरकारनं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षं मोफत वीज दिली, सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना. राज्यात शेतजमिनीचे खातेदार सुमारे दीड कोटी. ज्याच्याकडे पंप नाही, म्हणजे विहीर नाही, त्या दोन-तृतीयांशाला या योजनेतून काही नाही. थकलेल्या बिलांचं ओझं खरं होतं, मी नाकारत नाही. पण गरिबाच्या नावानं दिलेली मदत त्याच्यापर्यंत न पोहोचता शेजाऱ्याच्या बोअरला जोर देऊन त्याचीच विहीर आटवते, तेव्हा तिला कुठल्या रकान्यात टाकायचं, हे संशोधकांनी ठरवायला हवं.

शेततळ्यांचंही तसंच. पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायची ती सोय. अनेक ठिकाणी प्लॅस्टिक अंथरून बोअरचं पाणी उपसून तळं भरलं जातं. जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी वर आलं, एकाचं झालं, आणि एप्रिलच्या उन्हात त्यातलं बरंच उडून गेलं. सरकारी नोंदीत मात्र ते जलसंधारण.

इथेनॉलकडे पाहताना मला सर्वांत जास्त काळजी वाटते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट केंद्रानं २०३० वरून २०२५ वर आणलं. धूर कमी, आयात कमी, कारखान्याला रोख पैसा, शेतकऱ्याचं बिल वेळेवर. दिल्लीतून पाहिलं तर हे पर्यावरणाचं धोरण आहे. सीना-मांजराच्या काठावरून पाहिलं तर ऊस वाढवण्याचं आणखी एक कारण. २०२३ चा पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल असं दिसलं, तेव्हा डिसेंबरमध्ये रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली. बंधनं साखरेच्या काळजीनं आली. पाण्याचा उल्लेख कुणी केला नाही.

आणि चारीच्या बाहेरची माणसं. दर दसरा-दिवाळीला बीड, नगर, जालन्याच्या कोरडवाहू गावांतून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत मान वर करता येत नाही. पाळीच्या दिवसांत काम बुडालं तर खाडा पडतो, दंड होतो. २०१९ मध्ये सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. या बायकांच्या गावात पाणी नाही म्हणून त्या दुसऱ्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला जातात. त्यांच्या आया-सासवांनी १९७२ नंतर रोजगार हमीवर खडी फोडून पाझर तलाव बांधले, शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून त्यांची मजुरी निघाली. तलाव पाझरले ते खालच्या विहीरवाल्यांसाठी. वाढीनं यांना काय दिलं आणि पर्यावरणाच्या ऱ्हासानं काय नेलं, हे तुमच्या प्रश्नावलीत यायचं असेल तर ऑक्टोबर ते मार्च गावात जाऊन उपयोग नाही. घराला कुलूप असतं.

तेव्हा संशोधनासाठी माझं सांगणं एवढं आहे. वाढ की पर्यावरण, असं विचारू नका. विचारा: पाणी कमी पडलं तर पहिलं आवर्तन कुणाचं बंद करावं, टेलचं की हेडचं? कारखान्याचं, शहराचं की शेतीचं? तुमच्या धरणाच्या पाण्यात गावातल्या भूमिहीनाला हिस्सा असावा का? तुमच्या स्वतःच्या शेतातली दोनशे फुटांखालची बोअर बंद करायला तयार आहात का, शेजारीही बंद करणार असेल तर? तुरीला उसासारखी खात्री मिळाली तर ऊस सोडाल का? या शेवटच्या प्रश्नाला मला बैठकांमध्ये जितक्या वेळा हो ऐकायला मिळालं आहे, तितकं दुसऱ्या कुठल्याच प्रश्नाला नाही. आजवर कुठल्याही पक्षानं तो गंभीरपणे विचारलेला मी ऐकलं नाही.

उत्तर देणाऱ्याच्या नावापुढे पक्ष लिहाल तसा चारीचा क्रमांकही लिहा, आणि हेडपासून अंतर. घरात बाईला वेगळं विचारा. पुरुष शेताचं पाणी सांगतो, ती हंड्याचं. आणि तेच घर दोनदा गाठा, एकदा जुलैच्या अखेरीला आणि एकदा एप्रिलमध्ये.